वावरात ओल आहे, तरी पऱ्हाटी मान टाकते : दोष नेमका कुठे ते कसं शोधायचं

"पाणी तं देल्लं ना भाऊ, मंग हे सुकून कायले राह्यलं?"

पश्चिम विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, शेगाव या बाजूला, हा प्रश्न दर हंगामात कानावर येतो. माती मुठीत धरली तर ओलसर लागते. बोअर चालू आहे. तरी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, पानं लोंबतात, हरभऱ्याच्या पानांच्या कडा करपतात, मिरचीचं रोप वाढायचं नावच घेत नाही. मग माणूस घाबरून आणखी एक पाणी देतो, आणि आठ दिवसांत वावर आणखी बिघडतं.

या तक्रारीमागे बहुतेक वेळा तीनांपैकी एक कारण असतं. पाण्यातला किंवा मातीतला खार, बुडाशी साचलेलं खत, नाहीतर मुळांना न मिळणारी हवा. लांबून पाहिलं तर तिन्हींत झाड आजारीच दिसतं. उपाय मात्र वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरू शकतो. खाराने दमलेल्या पिकाला खताची आळवणी दिली, म्हणजे बुडाशी खताचं पाणी ओतलं, तर ते लवकर जातं. हवेविना गुदमरलेल्या पिकाला ओलित दिलं तर तेही लवकर जातं. म्हणून दुकानात जाऊन "काहीतरी द्या" म्हणण्याआधी अर्धा दिवस वावरात घालवून कारण ओळखा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

मूळ पाणी कसं घेतं

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात भांड्यात पाणी सुटतं. मीठ फोडीच्या बाहेर आहे, पाणी आतून येतं. फोडीच्या प्रत्येक पेशीला एक पातळ पडदा असतो. तो पाण्याला सहज जाऊ देतो, विरघळलेल्या क्षाराला सहज जाऊ देत नाही. अशा पडद्याच्या दोन बाजूंना विरघळलेल्या कणांचं प्रमाण वेगळं असलं, की पाणी पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे सरकतं. शाळेच्या पुस्तकातलं परासरण ते हेच.

मुळाच्या टोकाजवळ मूलरोम असतात. त्यांच्या आतल्या रसात साखर, पोटॅशियम, सेंद्रिय आम्लं असे कण विरघळलेले असतात. मातीतलं पाणी त्या रसापेक्षा पातळ असेल तर ते आत येतं. वरून पानं उन्हात पाणी उडवत असतात, त्यामुळे खोडातून सतत ओढ लागलेली असते, आणि दिवसा पाणी वर नेण्याचं मोठं काम ती ओढच करते. पण या ओढीलाही मुळाच्या पडद्यापाशी मातीतल्या क्षाराशी झुंजावं लागतं. क्षार पाण्याला धरून ठेवतो.

दुसरी गोष्ट विसरण. यात पडदा लागत नाही. दाट ठिकाणचे कण विरळ ठिकाणाकडे आपोआप पसरतात. विरघळलेलं खत मातीच्या पाण्यात असं पसरतं, आणि मुळांना लागणारा ऑक्सिजनही मातीच्या पोकळ्यांतून असाच खाली पोचतो. यातला एक नियम शेतकऱ्याच्या फार कामाचा आहे. अडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये विसरणाची जी मांडणी केली तिच्यावरून निघतं, की अंतर दुप्पट झालं तर पसरायला वेळ चौपट लागतो. म्हणजे विसरण केसभर अंतरावर झटपट चालतं आणि वीतभर अंतरावर जवळजवळ थांबतं. स्फुरद तर मातीत विसरणाने काही मिलिमीटरच सरकतो. पेरणीवेळचं डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, बियाण्याच्या ओळीजवळ द्यायला सांगतात ते यामुळे (फक्त ते बियाण्याला चिकटू देऊ नका). आणि माती कोरडी पडली की कणांना सरकायला पाण्याची वाटच उरत नाही. पावसाने ताण दिलेला असताना वरून फेकलेलं खत लागत नाही, त्यात खताचा दोष नसतो.

पहिली पाहणी, दुकानात जाण्याआधी

दुपारी दोन वाजता सुकलेलं झाड पाहून निर्णय घेऊ नका. कडक उन्हात निरोगी झाडसुद्धा मान टाकतं, कारण पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या वेगापेक्षा जास्त होतो. सकाळी सूर्य वर येण्याआधी जा. पहाटेही पानं ताठ झालेली नसतील तर खरी अडचण आहे.

मग आठवा, हे कधी सुरू झालं. मोठा पाऊस किंवा ओलित झाल्यावर काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, बोंडांनी लदलेली झाडं एकदम लोंबली असतील तर हवेकडे बघा. खत दिल्यावर दोन-चार दिवसांनी, आणि खत दिलेल्या ओळींतलीच झाडं करपत असतील तर खताकडे बघा. असा ठराविक दिवस सांगता येत नसेल, वाढच खुंटली असेल, पानं लहान आणि काळपट हिरवी असतील, जुन्या पानांच्या कडा आधी जळत असतील, वावरात ठिगळं पडली असतील, तर खार. खाराच्या वावरात झाड दरवेळी लोंबेलच असं नाही. पुष्कळदा ते नुसतं ठेंगणं राहतं, आणि आपण बियाण्याला दोष देतो.

एक झाड उपटून खोड उभं चिरून बघायला विसरू नका. आत तपकिरी किंवा काळपट रेघा दिसल्या तर तो बुरशीचा मर रोग असू शकतो. तूर आणि हरभऱ्यात तो नेहमीचाच. त्याचा रस्ता वेगळा आहे, तो नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. खोड आतून स्वच्छ असेल तर पुढे वाचा.

खार : पाणी आहे, पण झाडाच्या वाट्याचं नाही

पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत साडेचार लाख हेक्टरांहून जास्त जमीन खारपाणपट्ट्यात आहे. इथे जमिनीखालचं पाणीच खारं. वर काळी, चिकण, पाणी मुरू न देणारी माती. त्यामुळे दोन अडचणी एकाच वावरात भेटतात, आणि त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात.

पाण्यातला खार ईसीने, म्हणजे विद्युत वाहकतेने, मोजतात. एकक डेसीसायमन प्रति मीटर. क्षाराचे कण वीज वाहून नेतात, म्हणून वाहकता जास्त म्हणजे क्षार जास्त. ओलितासाठी ०.७ पर्यंतचं पाणी निर्धास्त वापरावं, ०.७ ते ३ मध्ये पीक आणि माती बघून वापरावं, आणि ३ च्या वर गंभीर काळजी घ्यावी, अशी ढोबळ विभागणी जगभर वापरतात.

ईसी ३ चं पाणी म्हणजे एका लिटरला साधारण दोन ग्रॅम क्षार. आकडा लहान वाटतो. आता हिशेब करा. एका एकरावर पाच सेंटिमीटर पाणी दिलं म्हणजे दोन लाख लिटर दिलं. त्याबरोबर वावरात जवळपास चार क्विंटल क्षार गेला. पाणी पानांतून आणि मातीवरून उडून जातं, क्षार एक कणही उडत नाही. झाड पाणी घेतं आणि बहुतेक क्षार मुळाबाहेरच ठेवतं. पुढच्या ओलिताला आणखी चार क्विंटल. खारं पाणी देऊन देऊन सुकणाऱ्या पिकाला वाचवता येत नाही, ते या गणितामुळे. निचऱ्याने किंवा पावसाने तो क्षार मुळांच्या खाली गेला तरच सुटका.

माती मुठीत ओली लागते आणि झाडाला मिळत नाही, हेही आकड्यांत बघता येतं. ईसी दर एककाला सुमारे ०.३६ बार (बार हे दाबाचं एकक) एवढी ओढ तयार करते. मुळाभोवतीच्या पाण्याची ईसी १० असेल तर क्षार ते पाणी साडेतीन बारच्या जोराने धरून ठेवतो. ओलितानंतर आठवडाभरात ओल निम्म्यावर आली की क्षार तेवढाच राहतो, पाणी निम्मं होतं, आणि तीच ओढ सात बारच्या घरात जाते. शिवाय काळ्या मातीचे बारीक कण स्वतः पाणी धरतात ते वेगळंच. बहुतेक पिकं एकंदर पंधरा बारच्या आसपास हात टेकतात. गोड्या पाण्याच्या वावरात ही हद्द यायला जेवढे दिवस लागतात त्यापेक्षा खाऱ्या वावरात ती कितीतरी आधी येते. हाताला लागणारी ओल आणि मुळाला मिळणारी ओल यांत हे अंतर आहे.

झाडही गप्प बसत नाही. ते आपल्या रसात जास्त कण तयार करतं, म्हणजे आतला रस आणखी घट्ट होऊन पाणी ओढता यावं. त्याला ताकद लागते, आणि ती ताकद फांदी, फूल, बोंड यांच्यातून वजा होते. ठेंगणेपणा येतो तो असा.

काही जण बटाट्याच्या फोडी बोअरच्या पाण्यात टाकून परीक्षा घेतात. फोड ताठ राहिली की "पाणी चांगलं आहे" म्हणतात. हा प्रयोग इथे फसवतो. बटाट्याचा रस आपल्या बहुतेक बोअरच्या पाण्यापेक्षा बराच घट्ट असतो, म्हणून फोड खाऱ्या पाण्यातही पाणी आत घेईल. बोअरचं खारं पाणी मुळातून पाणी बाहेर खेचतं असं सहसा होत नाही. ते मुळाचं पाणी घेणं जड करतं, आणि माती वाळत गेली की आणखी जड करत जातं.

त्यापेक्षा मुगाची परीक्षा घ्या. तीन वाट्या, प्रत्येकीत ओलं फडकं आणि पंचवीस दाणे. एकीत पावसाचं किंवा आरओचं पाणी, दुसरीत बोअरचं, तिसरीत दोन्ही निम्मंनिम्मं. झाकून सावलीत ठेवा आणि पाणी सुकू देऊ नका, नाहीतर वाटीतलाही खार वाढत जाईल. दोन-तीन दिवसांत मोड किती आले आणि मुळं किती लांब झाली ते बघा. बोअरच्या वाटीत मोड उशिरा आणि आखूड असतील तर पेरणीच्या वेळचं ओलित त्या पाण्याने करू नका. उगवणीचं आणि रोपाचं वय खाराला सर्वांत नाजूक. शेततळ्यात थोडंच गोडं पाणी असेल तर ते त्या दिवसांसाठी राखून ठेवा, खारं पाणी पीक मोठं झाल्यावर वापरा.

दोन्ही पाणी मिसळायचं असेल तर हिशेब सरळ आहे. ईसी ४ चं एक भाग आणि शेततळ्यातलं ०.२ चं एक भाग मिळून २.१ होते. मिरचीला तेही जास्त आहे, ज्वारी आणि पऱ्हाटी ते पेलू शकतात. पिकांची सहनशक्ती फार वेगळी असते. मातीच्या संपृक्त अर्काची ईसी कांद्याला १.२ च्या पुढे, मिरचीला १.५ च्या पुढे आणि टोमॅटोला २.५ च्या पुढे नडायला लागते. गव्हाला ती ६ पर्यंत, ज्वारीला ६.८ पर्यंत, कापसाला ७.७ पर्यंत चालते. संत्राही मिरचीच्याच पंगतीतला आहे. वरूड-मोर्शीकडचं बघून खाऱ्या बोअरवर संत्र्याची बाग लावू नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

इथे एक घोळ पुष्कळांचा होतो. आपल्याकडच्या माती परीक्षणात ईसी साधारणपणे एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा पातळ द्रावणात मोजतात. त्यात १ च्या आत असेल तर सामान्य धरतात. वर दिलेले पिकांचे आकडे मात्र संपृक्त अर्काचे, म्हणजे माती जेमतेम चिखल होईल एवढ्याच पाण्यातले आहेत. पातळ द्रावणात आकडा बराच लहान येतो. अहवालात ईसी १.८ वाचून "कापसाची हद्द तर ७.७ आहे, आपण लांब आहोत" असं समजू नका. दोन मापं थेट ताडून बघता येत नाहीत. प्रयोगशाळेत विचारा, कोणती पद्धत वापरली.

मीठ की सोडियम : बरणीतली परीक्षा

खारपाणपट्ट्यातली दुसरी अडचण सोडियमची. सोडियम मातीच्या कणांना एकमेकांपासून सोडवतो. मग ओली झाल्यावर माती लोण्यासारखी पसरते, भोकं बुजतात, पाणी मुरत नाही, आणि वाळली की दगड होते. यालाच आपण चोपण म्हणतो. इथे मुळांना पाण्याची आणि हवेची दोन्हीची वाट बंद होते.

ओळखायला काचेची बरणी पुरते. बिघडलेल्या ठिगळातली वाळलेली माती एक भाग आणि पावसाचं किंवा आरओचं पाणी पाच भाग. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातला खार परीक्षा बिघडवतो. हळूच दोन-तीनदा उलटंपालटं करून ठेवून द्या. शेजारी चांगल्या ठिगळातल्या मातीची बरणी ठेवा. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी चहासारखं गढूळच असेल तर सोडियमचा संशय धरा. वरचं पाणी नितळ झालं पण पाणी तपासायच्या छोट्या टीडीएस मीटरने आकडा चांगल्या बरणीपेक्षा खूप मोठा येत असेल तर साधे विरघळणारे क्षार जास्त आहेत. दोन्ही एकत्रही असू शकतं. ही घरची परीक्षा आहे, ती दिशा दाखवते. मात्रा ठरवायला प्रयोगशाळेचा सामू (पीएच), ईसी आणि सोडियमचा आकडा लागतो.

नितळ पण खारी माती असेल तर तिला जिप्समचा उपयोग नाही. जिप्सम स्वतः एक क्षार आहे. तिथे क्षार खाली धुऊन नेणारं गोडं पाणी आणि त्याला बाहेर जायला वाट, एवढंच काम करतं. गढूळ माती असेल तर जिप्समचा कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, कण पुन्हा एकत्र येतात, आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जाऊ शकतो. पण "जाऊ शकतो" यावर सगळं अवलंबून आहे. चर नसेल, पाणी बाहेर पडत नसेल, तर सुटलेला सोडियम तिथेच राहतो आणि जिप्समचे पैसे मातीत जातात, अगदी शब्दशः. पावसाळ्याच्या तोंडावर जिप्सम वरच्या थरात मिसळा, म्हणजे पाऊसच त्याला विरघळवून खाली नेईल. आपल्या पट्ट्यात वर्षाला पडणारा सात-आठशे मिलिमीटर पाऊस हे खार धुण्याचं सर्वांत स्वस्त साधन आहे. ते पाणी वावराच्या उतारावरून वाहून गेलं तर संधी गेली. रुंद वरंबा आणि सरी काढली तर जादा पाणी सरीतून निघतं आणि बाकीचं जागेवर मुरतं.

वरंब्यावर लावायचं असेल तर माथ्यावर लावू नका. सरीतलं पाणी वर चढतं आणि माथ्यावरून उडतं, त्यामुळे खार माथ्यावरच गोळा होतो. पांढरा पापुद्रा तिथेच दिसतो. रोप वरंब्याच्या कुशीत, पाण्याच्या बाजूला बसवा. ठिबकवरही हेच घडतं. नळीखालची माती तुलनेने गोडी राहते आणि ओलाव्याच्या वर्तुळाच्या कडेवर खाराची कडी जमते. तुषार सिंचनाने खारं पाणी भर दुपारी पानांवर पडलं तर थेंब आटतो, क्षार पानावर राहतो आणि पान जळतं. रात्री चालवा.

खत : मूठभर युरिया बुडाशी

मजूर घाईत असला की युरियाची मूठ बुडाला लागूनच पडते. पाऊस किंवा पाणी आलं की तेवढ्या छोट्या जागेत द्रावण फार घट्ट होतं, मुळाच्या रसापेक्षाही घट्ट. इथे मात्र कैरीच्या फोडीसारखंच होतं. पाणी मुळातून बाहेर जातं, पेशी आकसतात, मुळाची टोकं तपकिरी पडतात. शिवाय युरियाचा मातीत अमोनिया होतो, तोही कोवळ्या मुळांना जाळतो.

कोणतं खत किती ओढ लावतं हे त्यातल्या कणांच्या संख्येवर असतं. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये परासरणाचा दाब मोजून दाखवला. त्या मोजमापांवरून डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी पुढे दाब कणांच्या संख्येशी जोडला, आणि रसायनशास्त्राचं पहिलंच नोबेल त्यांना १९०१ मध्ये मिळालं. वावरातला अर्थ असा की मिठाचा एक रेणू पाण्यात दोन कण होतो, युरियाचा एकच राहतो. म्हणून किलोला किलो धरलं तर मिठाची ओढ युरियाच्या जवळजवळ दुप्पट. खतांसाठी यावरूनच क्षार निर्देशांक काढतात, आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त. पांढऱ्या पोटॅशचा म्हणजे म्युरेटचा ११६, युरियाचा ७५, सल्फेट ऑफ पोटॅशचा ४६, डीएपीचा ३४ च्या आसपास आणि सिंगल सुपर फॉस्फेटचा जेमतेम ८. खाऱ्या वावरात पोटॅश द्यायचंच असेल तर सल्फेट महाग पडलं तरी विचार करा. त्यात क्लोराइडही नसतं.

टीडीएस मीटरवर मात्र इथे भरवसा ठेवू नका. युरियाच्या कणांना विद्युत भार नसतो, म्हणून युरिया कालवलेलं पाणी मीटरला जवळजवळ साधंच दिसतं. मीटर शांत आणि मूळ जळतंय, असं होऊ शकतं.

उपाय साधा आहे आणि लवकर केला तरच चालतो. बुडाशी खताचे दाणे दिसत असतील तर हाताने बाजूला करा. नंतर गोडं पाणी द्या, म्हणजे घट्ट द्रावण पातळ होऊन खाली जाईल. फक्त खारं पाणीच असेल आणि निचरा नसेल तर भरपूर पाणी सोडण्याचा मोह आवरा. पुढच्या वेळी खत बुडापासून चार-पाच इंच दूर, बांगडी पद्धतीने, मातीआड करा, आणि एकदम देण्याऐवजी हप्ते पाडा. फवारणीचा युरिया दोन टक्क्यांच्या वर नेऊ नका, म्हणजे दहा लिटरला २०० ग्रॅम, आणि दुपारी फवारू नका. पानावरचा थेंब आटताना दोनाचे चार आणि चाराचे आठ टक्के होत जातात.

हवा : पाऊस झाल्यावर अचानक लोंबलेली पऱ्हाटी

ऑगस्ट-सप्टेंबरात पंधरा-वीस दिवसांचा ताण, मग रात्रभर पाऊस, आणि सकाळी कडक ऊन. दुपारपर्यंत ऐन बोंडांतली पऱ्हाटी कुठे कुठे एकदम लोंबते. याला आकस्मिक मर म्हणतात. हा रोग नाही, पसरत नाही, बुरशीनाशकाने बरा होत नाही.

मातीच्या पोकळ्यांत हवा असते तेव्हा ऑक्सिजन विसरणाने मुळांपर्यंत पोचतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तेच विसरण सुमारे दहा हजार पटींनी मंदावतं. काळ्या चिकण मातीत तर पाणी हटायलाही वेळ लागतो. मुळांना ताकद मिळेनाशी होते आणि त्यांच्या पडद्यातली पाण्याची दारं मिटतात. वर ऊन आणि बोंडांची ओढ चालूच. झाड पाण्यात उभं राहून तहानेने सुकतं. मुळांत पानगळ घडवणाऱ्या इथिलीन वायूची घडण वाढते आणि पानगळ सुरू होते.

पहिलं काम चर काढून पाणी बाहेर सोडणं. वापसा आला, म्हणजे चिखल आटून माती हलवण्याजोगी झाली, की डवरणी (कोळपणी) करा, म्हणजे वरची माती उघडी होऊन हवा खाली जाईल. सुरुवातीच्या काही तासांत लक्षात आलं तर कोबाल्ट क्लोराइडच्या फवारणीची शिफारस आहे. प्रमाण दहा पीपीएम, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम. ते इथिलीनची घडण रोखतं. हे रसायन जपून हाताळायचं, हातमोजे घालून, आणि "थोडं जास्त बरं" हा विचार इथे नको. दोन दिवस उलटून पानं वाळली असतील तर त्याचा उपयोग राहत नाही. आळवणी करायची झाली तर आधी पाणी हटू द्या आणि मात्रा कृषी सहायकांना विचारून ठरवा, कारण गुदमरलेल्या मुळाभोवती घट्ट द्रावण ओतलं की वरच्या खतासारखी गत होते.

गावातल्या आरओचं उरलेलं पाणी

खारपाणपट्ट्यात प्यायच्या पाण्यासाठी गावोगावी आरओ यंत्रं आहेत. यंत्र जोर लावून पाण्याला उलट्या दिशेने, खाऱ्याकडून गोड्याकडे, पडद्यातून ढकलतं. क्षार नाहीसा होत नाही, तो उरलेल्या पाण्यात गोळा होतो. निम्मं पाणी गोडं निघालं तर उरलेलं निम्मं जवळजवळ दुप्पट खारं. तेच पाणी नाली काढून परसबागेत सोडलं की कढीपत्ता आणि पपई आधी जातात. ते भांडी आणि अंगण धुवायला वापरा, झाडांना घालू नका.

नमुना नेताना

पाणी आणि माती दोन्ही तपासा, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे किंवा आपल्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राकडे तपासणीची चौकशी करा. बोअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मग बाटली भरा, आधी त्याच पाण्याने ती दोन-तीनदा विसळा, आणि खताची किंवा औषधाची जुनी बाटली घेऊ नका. वर्षातून दोनदा तपासलं तर उत्तम, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात. माती चांगल्या आणि बिघडलेल्या ठिगळाची वेगवेगळी घ्या, एकत्र मिसळली तर सरासरी येईल आणि दोष लपेल. खत दिल्यावर लगेच नमुना नको. पिशवीवर गट क्रमांक, खोली, आधीचं पीक आणि ओलिताचं पाणी कुठलं ते लिहा. तपासणीत सामू आणि ईसीबरोबर सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मागून घ्या. नुसत्या ईसीवरून जिप्समची मात्रा कोणी सांगत असेल तर ती घेऊ नका.

आणि ठिबक असेल तर हंगामातला पहिला हलका पाऊस सुरू झाल्यावर ते बंद करू नका. पाच-सात मिलिमीटरची सर ओलाव्याच्या कडेला जमलेली खाराची कडी विरघळवून सरळ मुळांत आणते, आणि ती पुढे खाली ढकलायला त्या वेळी नळीतलं पाणी चालू असावं लागतं. मोठा पाऊस लागला, सरीत पाणी वाहायला लागलं, की मग मोटर बंद करा.